मधुकरच्या रक्तात काय होतं

बसा, बसा, कोणी उठू नका. माइक जरा खाली करता का? माझं तोंड तिथवर पोचत नाही. मागं ऐकू येतं का? जाळीखाली बसलेल्यांना? बरं.

मंडळी, शोभाबाई, अर्चना बेटा, गुरुजी. काल मधुकरची तेरवी झाली. आज त्याच्याच नर्सरीत, त्यानंच ताणून बांधलेल्या हिरव्या जाळीखाली आपण जमलो आहोत. मला बोलायची सवय नाही. चौथी पास माणूस मी. छातीत धडधडतं. गोळी खिशात आहे. पाण्याची बाटली आणली होती, ती कुठं ठेवली कोण जाणे. असू द्या.

माझ्या थोरल्यानं, रमेशनं, मला कागदावर लिहून दिलं होतं. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख, मोर्शी भागातले नावाजलेले कलमवाले. एवढं वाचायचं आणि खाली बसायचं, असं घरी ठरलं होतं. मीही तेच करणार होतो. पण माझ्या आधी गुरुजी बोलले. गुरुजी, तुम्ही चांगल्या मनानं बोललात, मला माहीत आहे. तुम्ही म्हणालात, मधुकररावांच्या अंगात खुन्याचं रक्त होतं, पण त्या रक्तावर त्यांनी विजय मिळवला. एकदा फसवणुकीचा डाग लागला, तोही त्यांनी कष्टानं धुऊन काढला. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सवयीनं हलली.

मग मला घाम फुटला. कारण तो डाग मी लावला होता. आणि डाग नव्हताच.

रमेश, तू हातानं खूण करू नकोस. बसतो बाप्पा, बसतो. पण बोलून झाल्यावर.

मंडळी, अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मधुकरची अर्चना तेव्हा चौथीत होती. त्याच्याही पाच-सहा वर्षं आधीपर्यंत मी कपाशी आणि तूर करत होतो. मग मलाही संत्र्याचा बगीचा लावायची हौस आली, आणि कलमं घेतली मधुकरकडून. संत्र्याचं आपण बी लावत नाही, तुम्हाला सांगायला नको. पण जावईमंडळी बाहेरून आली आहेत, म्हणून सांगतो. खाली जंबेरीचं रोप असतं. काटेरी, रानटी, आंबटढाण. त्याच्या खोडाला वीतभर उंचीवर चीर द्यायची, तिथं संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा, पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटायची. मूळ जंबेरीचं, फळ संत्र्याचं. आणि डोळ्याच्या खालून फूट आली, तर ती खुडत राहायची. नाहीतर जंबेरीच झाड होऊन बसते.

मी लावलं. पहिल्याच वर्षी बकऱ्या शिरल्या बगीच्यात. कोपऱ्यातली तेवढी झाडं वाचली, बाकीचे शेंडे पार डोळ्यापर्यंत खाल्ले. मी डोक्याला हात लावला. पण पाऊस पडला आणि महिन्याभरात सगळी झाडं पुन्हा फुटली. अशी जोमदार, अशी हिरवीगार, की मी लोकांना बोलावून दाखवत होतो. निंदणाला गयाबाई यायची, ती म्हणाली होती, "काकाजी, याले काटे लय हायेत बाप्पा. अन् फूट जमिनीतून आल्यावानी दिसते." मी म्हणालो, "तुले काय समजते? तू निंदण कर." चार-पाच वर्षं मी त्या झाडांना खत घातलं, पाणी दिलं. कोणाला विचारलं नाही. विचारणं मला कधी जमलंच नाही.

मग फळ आलं. खडबडीत, जाड सालीचं, आंबट. जंबेरी! बाजारात व्यापाऱ्यानं एक फळ कापलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काकाजी, लोणचं टाका." सगळे हसले. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं.

कोपऱ्यातल्या झाडांना मात्र गोड संत्री लागली होती. त्याच नर्सरीतली कलमं, त्याच दिवशी लावलेली. ती फळं मी स्वतः खाल्ली. आणि तरी काय म्हणालो? फसवणारा माणूस थोडा खरा माल ठेवतोच.

का म्हणालो असं? कारण त्याच हंगामात अकोल्याला एका लग्नात बाळापूरकडचा एक पाहुणा शेजारी बसला होता. बोलता बोलता मधुकरचा विषय निघाला. तो म्हणाला, "तो काय? त्याच्या बापानं भरबाजारात मानूस मारला होता. जलमठेप झाली. माय पोट्ट्याले घेऊन माहेरी गेली." आपल्या गावाला तोवर एवढंच ठाऊक होतं, की मधुकर लहान असतानाच बाप वारला. मी जेवण अर्धवट टाकून उठलो. मला वाटलं, झालं, कोडं सुटलं. खुन्याचं पोर. फसवणार नाही तर काय करणार?

माझ्यासमोर झाडं होती. मी झाडं पाहिली नाहीत. त्याचा बाप पाहिला.

दुसऱ्या दिवशी पोतंभर जंबेरी घेऊन, आठ-दहा माणसं घेऊन, मी इथं आलो. या इथं, शोभाबाई बसल्या आहेत तिथं, मी पोतं ओतलं. मधुकर वाफ्यात उकिडवा बसून डोळे बांधत होता. हातात चाकू होता. त्यानं एक फळ उचललं, पाहिलं, आणि म्हणाला, "काकाजी, मले बगीचा दाखवा. खालून फूट आली असन. एकडाव येऊ द्या मले, मी सांगतो काय झालं ते."

मी म्हणालो, "माह्या धुऱ्यावर पाय ठेवला तर तंगडं मोडीन. खुन्याचं पोट्टं तू. रक्तातच हाय तुह्या."

सगळ्यांसमोर म्हणालो. त्याची पोरगी झारी घेऊन उभी होती, तिच्यासमोर म्हणालो. तो उठून उभा राहिला. मी त्याच्या थोबाडीत मारली.

मंडळी, सगळे एकदम मागं सरकले. कारण त्याच्या हातात चाकू होता. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. पांढरा पडला होता. चाकूची मूठ आवळलेली होती. मला पळायचं होतं, पण पाय हलेनात.  किती वेळ गेला, सांगता येत नाही.

आणि मागून शोभाबाई ओरडल्या, "अहो, कॉक! पानी वाहून राह्यलं ना! वाफा फुटला!"

त्यानं मान वळवली. मागच्या वाफ्यात पाणी खरंच भरून वाहत होतं. त्यानं चाकू मिटला. माझ्या हातात दिला. म्हणाला, "धरा जरा." आणि गेला कॉक बंद करायला.

मी चाकू खिशात घातला आणि तिथून सरळ ठाण्यात गेलो. फसवणुकीची तक्रार दिली. त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, संध्याकाळी सोडलं. काही निघालं नाही. निघण्यासारखं काही नव्हतंच. पण पुढच्या वर्षी एकानंही त्याची कलमं नेली नाहीत. खुनाची गोष्ट मीच अकोल्याच्या लग्नातून आणली आणि मीच गावभर वाटली. पोरीला शाळेत काय काय ऐकावं लागलं, ते अर्चनाला विचारा. नको, विचारू नका.

दोन वर्षांनी मी ती झाडं काढायला घेतली. पहिलंच झाड मुळासकट आडवं झालं. मी खोडाशी बसलो, तंबाखू मळत होतो. आणि पाहिलं. वीतभर उंचीवर मधुकरनं बसवलेला डोळा होता. वाळून कोळसा झालेला. पट्टीची खूण अजून होती. आणि सगळं झाड फुटलं होतं त्याच्या खालून. दुसरं झाड पाहिलं, तसंच. तिसरं, तसंच. त्यानं खरं कलम दिलं होतं. डोळ्याची फूट बकऱ्यांनी खाल्ली होती, आणि खालची फूट मी चार-पाच वर्षं पोसली होती.

आता लोक विचारतील, बकऱ्या कोणाच्या होत्या? बकऱ्या माझ्या होत्या. फाटक मीच उघडं ठेवलं होतं.

मी मजुरांना सांगितलं, सगळी खोडं आजच्या आज जाळा.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ठाण्यात जायला पाहिजे होतं, चावडीवर जायला पाहिजे होतं. मी काय केलं? मी नर्सरीत येऊन बसायला लागलो. आधी आठवड्यातून एकदा, मग रोजच. रोज घरून निघताना ठरवायचो की आज सांगतो. इथं आलो की पावसापाण्याचं बोलत बसायचो. त्यानं मला एकदाही हाकललं नाही. "या काकाजी" म्हणायचा आणि बसायला पोतं अंथरायचा.

तुम्हाला माहीत आहे, मधुकरनं चाळिशीनंतर बाहेरून बी.ए. केलं. समाजशास्त्र घेऊन. लोक हसले, कलम बांधायला बी.ए. कशाला? मी पण विचारलं. तो म्हणाला, "तुमी म्हनलं होतं ना, रक्तातच हाय म्हनून? ते खरं हाय काय, ते पाहून राह्यलो."

मंडळी, माझं एक वाक्य तपासायला तो माणूस तीन-चार वर्षं शिकला. रविवारी अमरावतीला जायचा तासाला. त्यात एक विषयच होता म्हणे, माणूस गुन्हा का करतो. रात्री वाचायचा आणि दिवसा डोळे बांधता बांधता मला सांगायचा. सांगायचा जुन्या काळच्या एका परदेशी डॉक्टरचं. तो कैद्यांची डोकी मोजायचा, कान, कपाळ, जबडा मोजायचा, आणि म्हणायचा की गुन्हेगार जन्मालाच तसा येतो, चेहऱ्यावरून ओळखता येतो. मी नकळत माझा जबडा चाचपला. मधुकर हसला. "काकाजी, त्या हिशेबानं तुमी तर पक्के दरोडेखोर. शोभा, ताट-वाट्या मोजून ठेव वं!" शोभाबाई म्हणाल्या, "रोजच मोजतो मी. चार कप चहा जाते यायच्या नावावर." असे हसायचो आम्ही. 

मग तो म्हणायचा, ते मोजमाप पुढं खोटं ठरलं. कारण बाहेरच्या माणसांची डोकी मोजली, तर तीही तशीच निघाली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आपल्याकडं इंग्रजांनी सबंध जमातीच्या जमाती कागदावर गुन्हेगार म्हणून लिहून टाकल्या. पोर जन्मलं की गुन्हेगार. हजेरी लाव. मी म्हणालो, इंग्रज मोठे वाईट. तो नुसता माझ्याकडं पाहून पट्टी बांधत राहिला.

दुसरे लोक म्हणतात, रक्त नाही, संगत. गुन्हासुद्धा शिकावा लागतो, कलमासारखा, कोणाच्या तरी शेजारी बसून. कोणी म्हणतात, गरज. कोणी म्हणतात, शिक्का. माणसाला सारखं चोर म्हणा, काम देऊ नका, शेजारी बसवू नका, म्हणजे एक दिवस तो म्हणतो, बरं, चोर तर चोर. आणि आताचे काही शिकलेले लोक म्हणतात, थोडंफार अंगातही असतं, तापटपणा, उतावीळपणा, पण ते वाढायचं की नाही, ते घर ठरवतं, शेजार ठरवतो. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. "काकाजी, त्यातलं थोडं जरी खरं असन तर? मले राग येते ना, तवा हात गरम होतात. बापाचेही होत असतीन काय?"

त्याला स्वतःच्या हाताची भीती वाटायची. नंतर घेतलेला नवा चाकू तो कधी घरी नेत नसे. संध्याकाळी इथं खोपीत खुंटीला अडकवूनच जायचा. आम्हाला वाटायचं शिस्त आहे. शिस्त नव्हती, मंडळी. भीती होती.

एकदा मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "मधुकर, मूळ जंबेरीचं असो, वर तू गोड संत्रा हायेस." मला वाटलं, खूश होईल. तो चिडला. इतक्या वर्षांत माझ्यावर एकदाच चिडला. "जंबेरीले कावून नावं ठेवता? तिच्या मुळाबिगर संत्रा उभा नाही राहत आपल्या जमिनीत. अन् मी कलम नाही, काकाजी. कलमाले एकडाव बांधलं की झालं. मले रोज सकाळी उठून ठरवा लागते."

बी.ए. झाल्यावर तो बाळापूरला गेला. बापाच्या वेळची दोन-तीन म्हातारी माणसं शोधली, त्यांच्याशेजारी बसला, विचारलं. परत आला आणि दोन दिवस नुसत्या पट्ट्या बांधत बसला. तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच्या बापावर बैल चोरल्याचा आळ आला होता. बैल नंतर नाल्यापलीकडं चरताना सापडले. पण त्याआधी, बैलाच्या मालकानं भरबाजारात त्याच्या बापाच्या थोबाडीत मारली.

मी विचारलं, "मग?"

"बापाच्या हातात इळा होता."

पुढचंही त्यानंच सांगितलं. "तीच थापड, काकाजी. तेच रक्त. बापाच्या हातात इळा, माह्या हातात चाकू. तो तिकडं गेला, मी इकडं राह्यलो. कावून? येता येता अमरावतीले तासाच्या मॅडमले विचारलं. त्या म्हनल्या, कोनतंच पुस्तक एका मानसाचं सांगू शकत नाही."

मी म्हणालो, "तू सोसलंस म्हणून. तू मोठा माणूस."

तो म्हणाला, "मोठा-बिठा नाही. माही मूठ आवळली होती. तुमाले मारलंही असतं. शोभानं हाक मारली. पानी वाहून राह्यलं होतं म्हनून चाकू ठेवला. बापाले त्या बाजारात कोनी हाक मारली नाही, एवढाच फरक हाय."

गुरुजी, तुम्ही विजय म्हणालात. म्हणून मला उभं राहावं लागलं. रक्तावर विजय नाही. एक बाई पाण्यासाठी ओरडली, आणि एका माणसाला ऐकू आलं. मी जिवंत आहे तो त्यामुळं. आणि त्या दिवशी गुन्हा जर कोणी केला असेल, तर तो माझ्या सात पिढ्यांच्या सभ्य रक्तानं केला. माझ्या घरात कोणी कधी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो, खोटं सांगायला. माझं डोकं मोजा आता.

शेवटी तो अमरावतीला दवाखान्यात होता, तेव्हा मी गेलो. ठरवून गेलो होतो. त्याला बोलायला त्रास होत होता. त्यानं मला विचारलं, "काकाजी, ते झाडं तुमी काढले होते ना? काय निंघालं?" मंडळी, त्याला ठाऊक होतं. कलमवाला होता तो. पहिलं फळ हातात घेतलं त्याच दिवसापासून त्याला ठाऊक होतं. तो फक्त माझ्या तोंडून ऐकायला थांबला होता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "डिंक्या रोगानं गेली."

त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "बरं."

पाच दिवसांनी तो गेला. माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आजही कदाचित राहिलं असतं. कागद वाचून मी बसलो असतो. पण परवा, तेरवीच्या तयारीसाठी अर्चना इथं आली होती, तेव्हा दोघं जण येऊन गेले. ते आज इथं बसले आहेत, मी नावं घेत नाही. आता नर्सरी तीच पाहते; तिच्या कलमांना फूट उशिरा आली म्हणून आले होते. तिला म्हणाले, "तुह्या बापानं काकाजीले फसवलं होतं, सारं गाव जानते. आजा खुनी, बाप तसा. आमाले फसवशीन तर पाहून घे." मी तिथंच पोत्यावर बसलो होतो. माझं नाव घेऊन, माझ्यासमोर. ती माझ्याकडं पाहत होती. आणि मी, मंडळी, मी तंबाखू मळत होतो.

आता तिसरी पिढी. तिच्या कडेवर चौथी आहे. किती दिवस चालवायचं हे?

म्हणून सांगतो, आणि सगळ्यांनी ऐका. मधुकरनं मला फसवलं नाही. त्याची कलमं खरी होती. तक्रार खोटी होती. उद्या सकाळी मी ठाण्यात जाऊन हेच लिहून देणार आहे. खोट्या तक्रारीचं आता मला काय करतील, माहीत नाही. भीती वाटते. रात्रभर झोप नाही. रमेश येईल की नाही सोबत, तेही माहीत नाही. नाही आला तर एसटीनं जाईन. आणि त्या दोघांना एवढंच सांगतो, अर्चना बगीचा दाखवा म्हणेल, तर दाखवा. बाप आठवू नका, आजा आठवू नका. खाली वाका आणि फूट कुठून आली ते पाहा.

अर्चना, ये बेटा इकडं. माझा हात खिशात जाऊन अडकला बघ. हा घे. हा तुझ्या बापाचा चाकू. मुठीला त्यानं दोरा गुंडाळला होता, तो तसाच आहे. मी कधी उघडलासुद्धा नाही. 'धरा जरा' म्हणाला होता. अठरा वर्षं धरला मी. गंज चढला आहे, घासून घे. आणि एक सांगतो. हा खुंटीला ठेवू नकोस. घरी नेत जा. भाजी चीर, लेकीला संत्रं सोलून दे. तुझ्या हाताला भ्यायचं काही कारण नाही.

रडू नकोस. मग मला उभं राहता येणार नाही.

शोभाबाई, तुमच्या पाया पडायला मी वाकू शकत नाही, गुडघे धरले आहेत. इथूनच हात जोडतो.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं उभे राहू. पण थोडं थांबा. मघापासून मागच्या वाफ्यात पाणी वाहतं आहे, मला इथवर ऐकू येतं आहे. रमेश, ऊठ. माझ्याकडं असा पाहू नकोस, बापाला मग बोल काय बोलायचं ते. जा, आधी तो कॉक बंद करून ये.

तो येईपर्यंत थांबू.

आला? बरं. उभे राहा आता.

मधुकर, बकऱ्या माझ्या होत्या.